समोरच्या अनोळखी संगणकावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

वाचकांचे प्रश्न : पिअर-टू-पिअर नेटवर्क, ट्रस्टेड कॉम्प्युटिंग आणि आपला खासगीपणा

प्रश्न : मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. लिनक्सच्या मोठ्या फायली विद्यार्थ्यांना बिटटोरंटवरून, म्हणजे अनेक संगणकांकडून फाईलचे तुकडे घेण्याच्या पद्धतीने, डाउनलोड करायला सांगतो. विंडोज ११ साठी टीपीएम ही संगणकातली सुरक्षेची चिप सक्तीची झाल्यापासून ‘ट्रस्टेड कॉम्प्युटिंग’चे नाव वारंवार कानावर येते, आणि त्याच्या आधारे पिअर-टू-पिअर नेटवर्कमधला खासगीपणा जपता येईल, असेही वाचनात आले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय? — एक प्राध्यापक, सांगली

उत्तर : पिअर-टू-पिअर नेटवर्कमध्ये खासगीपणा नेमका कुठे गळतो, हे आधी पाहिले की संबंध आपोआप उलगडतो. नेहमीच्या वेबसाइटवर आपली माहिती एका कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. ती कंपनी आत काय करते हे आपल्याला दिसत नसले, तरी ती कोण आहे हे ठाऊक असते आणि वेळ पडल्यास तिला जाब विचारता येतो. पिअर-टू-पिअरमध्ये मात्र आपल्यासारख्याच लोकांच्या घरांतले संगणक एकमेकांची कामे करतात आणि ते लोक कोण, हे कोणालाच माहीत नसते. १९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरमध्ये गाण्यांची सूची निदान कंपनीच्या सर्व्हरवर होती. त्या सूचीवरच न्यायालयाला बोट ठेवता आले आणि २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. २००० मध्ये आलेल्या ग्नुटेलाने ही सूचीच काढून टाकली. आपला शोध शेजारच्या संगणकाला विचारायचा, त्याने तो त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचा, अशी ती रचना होती. प्रत्येक निरोपावर दोन छोटे आकडे असत : निरोपाने अजून किती टप्पे जायचे आणि किती टप्पे तो आलेला आहे. आलेल्या टप्प्यांचा आकडा शून्य दिसला की शेजाऱ्याला लगेच कळे की हा प्रश्न दुरून फिरत आलेला नसून याच संगणकावर जन्मलेला आहे. आणि शोधाचे शब्द तर उघडेच असत. त्याच वर्षी आलेल्या फ्रीनेटने हा धोका ओळखून त्या आकड्यांमध्ये मुद्दाम अनिश्चितता ठेवली होती.

बिटटोरंटची गोष्ट आणखी सरळ आहे. प्रत्येक टोरंटला, म्हणजे अशा रीतीने वाटल्या जाणाऱ्या फाईलला, एक ठसा (हॅश) असतो : मजकुरावरून गणिताने काढलेला, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा आकडा. मूळ पद्धतीत तो १६० बिटांचा आहे. ज्याच्याकडे हा ठसा आहे, त्याने ट्रॅकर या नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला किंवा डीएचटी या विखुरलेल्या सूचीला ‘ही फाईल कोणाकोणाकडे आहे?’ असे विचारले की त्याला आयपी पत्त्यांची यादी मिळते. हा दोष नव्हे; पत्ते मिळाल्याशिवाय तुकड्यांची देवाणघेवाणच होणार नाही. पण याचा अर्थ असा की फाईलचा एक बाइटही न घेता कोणीही ही यादी दिवसरात्र नोंदवून ठेवू शकतो. बिटटोरंट क्लायंटमध्ये, म्हणजे बिटटोरंट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एन्क्रिप्शनची सोय असते, तिच्यामुळे इंटरनेट पुरवठादाराला वाहतुकीचा प्रकार ओळखणे थोडे अवघड जाते एवढेच. समोरच्या पिअरपासून, म्हणजे नेटवर्कमधल्या दुसऱ्या संगणकापासून, काहीही लपत नाही, कारण एन्क्रिप्शनचे दुसरे टोक त्याच्याच हातात असते. आपले विद्यार्थी लिनक्स उतरवतात त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु हीच यंत्रणा एखाद्या आजारावरची पुस्तिका किंवा अडचणीत आणणारा सरकारी दस्तऐवज वाटण्यासाठी वापरली जाते, तेव्हा ती यादी कोणाच्या हाती पडते याला फार महत्त्व येते.

थोडक्यात, आपला पत्ता, आपण काय शोधतो ते, आणि मधल्या संगणकाने आपल्या निरोपाचे काय केले, अशा तीन ठिकाणी आपण उघडे पडतो. ट्रस्टेड कॉम्प्युटिंगचा संबंध येतो तो यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी. ‘समोरच्या अनोळखी संगणकावर नेमका कोणता प्रोग्राम चालू आहे?’ या एका प्रश्नाचे बनावट करता न येणारे उत्तर मिळवणे, हा त्याचा गाभा आहे.

ते उत्तर कसे तयार होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मदरबोर्डवरील टीपीएम चिपमध्ये २४ नोंदकप्पे असतात. या कप्प्यांत कोणालाही हवी ती किंमत लिहिता येत नाही. कप्प्यातली जुनी किंमत आणि नव्या नोंदीचा ठसा एकत्र करून त्यांचा पुन्हा हॅश काढायचा आणि तो कप्प्यात ठेवायचा, एवढी एकच क्रिया शक्य असते. संगणक सुरू होताना फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला पहिला प्रोग्राम) पुढच्या बूटलोडरचा (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) ठसा नोंदवते आणि मगच त्याच्या हाती सूत्रे देते. बूटलोडर कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, ठसा नोंदवतो. त्यापुढे एकेका प्रोग्रामची नोंद ठेवण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये २००९ पासून आहे. या साखळीत एक बाइट जरी बदललेला असला, तरी शेवटची किंमत पूर्णपणे वेगळी येते आणि मागून काहीही करून ती ‘दुरुस्त’ करता येत नाही, कारण बहुतेक कप्पे संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय रिकामे होत नाहीत. आता दूरच्या संगणकाने खात्री मागितली, तर तो एक ताजा यादृच्छिक आकडा पाठवतो. चिप नोंदकप्प्यांतल्या किमतींसह त्या आकड्यावर, चिपबाहेर कधीही न जाणाऱ्या किल्लीने, डिजिटल सही करून देते. आकडा ताजा असल्यामुळे कालची सही आज पुढे करता येत नाही. या क्रियेला अटेस्टेशन म्हणतात.

पिअर-टू-पिअरमध्ये याचा उपयोग असा, की ज्या प्रोग्रामचा सोर्स कोड सर्वांना तपासता येतो आणि जो निरोप पुढे पाठवल्यावर त्याची नोंद ठेवत नाही, नेमका तोच प्रोग्राम शेजारी चालू आहे याची खात्री पटल्यानंतरच आपला शोध त्याच्याकडे सोपवायचा. टीपीएमची ‘सीलिंग’ ही दुसरी सोयही इथे कामाची आहे : एखादी किल्ली अशा रीतीने बंद करून ठेवता येते, की संगणक ठरावीक स्थितीत असेल तरच चिप ती परत देईल. त्यामुळे दुसऱ्याच्या डिस्कवर ठेवलेले आपल्या फायलींचे तुकडे, प्रोग्राम बदलून वाचू पाहणाऱ्या त्या डिस्कच्या मालकालाही उघडता येत नाहीत. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की आतापर्यंत अशा नेटवर्कमध्ये विश्वास ठरायचा तो इतरांनी दिलेल्या गुणांवरून, आणि ते गुण संगनमताने वाढवता येतात. यंत्राची साक्ष संगनमताने वाढवता येत नाही.

अडचणीही लहान नाहीत. नोंद होते ती प्रोग्राम सुरू होतानाची. पुढे चालू असताना कोणी त्यातल्या दोषाचा फायदा घेऊन तो वाकवला, तर कप्प्यांतल्या किमतींना त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय प्रत्येक अपडेटबरोबर ठसे बदलतात, आणि जगभरातल्या घरगुती संगणकांवर सॉफ्टवेअरची जेवढी सरमिसळ असते, तेवढ्या सगळ्या ‘योग्य’ किमतींची यादी ठेवणे कोणालाही जमणारे नाही.

प्रश्न : माझ्या संगणकाने प्रत्येक वेळी आपली सही करून पुरावा द्यायचा, तर ती सहीच माझी कायमची ओळख होणार नाही का? खासगीपणा जपण्याच्या नावाखाली आपण आयपी पत्त्यापेक्षाही पक्का क्रमांक गळ्यात बांधून घेत आहोत, असे मला वाटते. — अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि या विषयातला सर्वांत कठीण भाग तोच आहे. कारखान्यातून निघतानाच प्रत्येक टीपीएममध्ये एक मूळ किल्ली असते आणि तिच्यासाठी उत्पादकाचे प्रमाणपत्र असते. आयपी पत्ता निदान बदलतो. ही किल्ली चिपबरोबर जन्मते आणि चिपबरोबरच जाते. तिनेच सगळ्या सह्या केल्या असत्या, तर निरनिराळ्या नेटवर्कमधली आपली सगळी ये-जा एका धाग्यात ओवता आली असती. म्हणून मानक ठरवणाऱ्यांनी नियम केला, की मूळ किल्लीने अटेस्टेशनची सही करायची नाही. त्यासाठी हव्या तितक्या वेगळ्या किल्ल्या तयार करायच्या. पण मग या नव्या किल्ल्या खऱ्या चिपमधल्याच आहेत, याची हमी कोण देणार?

पहिला उपाय असा होता, की एका विश्वासू संस्थेने मूळ किल्लीचे प्रमाणपत्र पाहायचे आणि नव्या किल्लीला दाखला द्यायचा. ही संस्था सचोटीची असेपर्यंत ठीक. पण कोणती नवी किल्ली कोणत्या चिपची, हे तिला कायम ठाऊक राहते. तिच्या नोंदी फुटल्या, मागवल्या गेल्या किंवा विकल्या गेल्या, की सगळे पडदे एकदम गळून पडतात. मध्यवर्ती घटक नको म्हणून उभारलेल्या नेटवर्कच्या मध्यभागी पुन्हा एक सर्वज्ञ कचेरी आणून बसवणे मला मुळातच पटत नाही.

दुसरा उपाय इंटेल, आयबीएम आणि एचपी या कंपन्यांतील तीन संशोधकांनी २००४ मध्ये मांडला. त्याचे नाव डायरेक्ट ॲनॉनिमस अटेस्टेशन, म्हणजे डीएए. यात चिपला एकदाच एक दाखला मिळतो, पण पुढे ती तो दाखला कोणालाच दाखवत नाही. आपल्याकडे असा वैध दाखला आहे एवढेच ती गणिताने सिद्ध करते. तपासणाऱ्याला कळते की समोर खरी चिप आहे. कोणती, हे कळत नाही. दाखला देणारा आणि तपासणारा एकत्र आले तरीही कळत नाही. मतदानाच्या वेळी बोटाला लावलेली शाई जशी ‘याने मत दिले आहे’ एवढेच सांगते, नाव सांगत नाही, तसेच हे आहे. ही उपमा पुढेही लागू पडते, कारण डीएएमध्ये ‘बेसनेम’ नावाची एक जोड आहे. नेटवर्कने एक ठरावीक नाव बेसनेम म्हणून घेतले, तर एकाच चिपमधून त्या नेटवर्कमध्ये दरवेळी एकच टोपणनाव निघते, आणि दुसऱ्या नेटवर्कमध्ये निघणाऱ्या टोपणनावाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. कोणी दुसऱ्यांदा रांगेत आला तर शाई दिसते, पण तो कोण हे तरीही उघड होत नाही.

खासगीपणासाठी एवढी खटपट का करायची, हे सिबिल हल्ल्यावरून समजते. एकाच माणसाने हजारो खोटे पिअर उभे करायचे, असा हा हल्ला. ओळख देणारा मध्यवर्ती घटक नसेल तर तो पूर्णपणे टाळणे व्यवहारात अशक्यच असते, हे मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील जॉन डूसर यांनी २००२ मध्ये दाखवले. डीएचटीमध्ये असे खोटे पिअर एखाद्या फाईलच्या ठशाभोवती नेमके जाऊन बसतात आणि त्या फाईलबद्दलचा प्रत्येक शोध त्यांच्यावरूनच जातो. म्हणजे हा पाळत ठेवण्याचा उत्तम मार्ग आहे. बिटटोरंटच्या डीएचटीमध्ये असे हल्ले प्रत्यक्षात चालू असल्याचे संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदवलेले आहे. लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २००५ मध्येच सुचवले होते, की डीएएची टोपणनावे वापरून ‘एक चिप, एक पिअर’ अशी अट पिअर-टू-पिअर नेटवर्कला घालता येईल. पैसेवाला शंभर संगणक विकत घेऊन शंभर टोपणनावे मिळवेलच. पण एका संगणकावर फुकटात लाख पिअर उभे करण्यापेक्षा ही गोष्ट पुष्कळ महाग आहे, आणि आभासी यंत्रांवरच्या नुसत्या सॉफ्टवेअर टीपीएमकडे उत्पादकाचे प्रमाणपत्र नसल्यामुळे त्या दारात अडतात.

आता किंमत काय मोजावी लागते, ते पाहा. टोपणनाव कायमचे असले, तर नाव कळले नाही तरी त्या टोपणनावाचा त्या नेटवर्कमधला सगळा इतिहास एकत्र साचत जातो, आणि पुरेसा इतिहास साचला की माणूस ओळखणे अवघड राहत नाही. माझ्या मते बेसनेममध्ये तारीख मिसळून टोपणनाव रोज बदलावे : एका दिवसात एका चिपला एकच जागा मिळेल आणि कालचा धागा आजला जोडता येणार नाही. यामुळे कुप्रसिद्ध पिअरला कायमचे बाहेर ठेवण्याची सोय जाते. ती जाऊ द्यावी, असेच मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट आपल्या शंकेतून सुटली आहे, ती मी जोडतो. संपूर्ण संगणकाचे अटेस्टेशन करायचे तर नोंदकप्प्यांबरोबर नोंदींची यादीही द्यावी लागते, आणि त्या यादीत आपल्या संगणकावर काय काय चालू आहे ते सगळे येते. सही निनावी आणि यादी बोलकी, असे झाले तर सहीच्या निनावीपणाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून पुढे लक्ष वळले ते एन्क्लेव्हकडे. प्रोसेसरच्या आत एका छोट्या प्रोग्रामसाठी बंद खोली करायची आणि पुरावा द्यायचा तो फक्त त्या खोलीतल्या प्रोग्रामचा, बाकीच्या संगणकाबद्दल अवाक्षर नाही. इंटेलने २०१५ मध्ये आणलेले एसजीएक्स हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यासाठी डीएएच्याच कुळातली इपिड ही सही इंटेलने घेतली होती. डेटासेंटरांसाठी मात्र कंपनी पुढे साध्या, निनावी नसलेल्या सहीकडे वळली. डेटासेंटरच्या मालकाला निनावीपणाची गरज नसते, हे खरे. घरच्या पिअरला ती असते, आणि बाजाराचा ओघ त्याच्याकडे पाठ करून गेला याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवरचा कॉलही पिअर-टू-पिअर असतो आणि त्यातून समोरच्याला आपला पत्ता कळतो, असे मुलीने सांगितले. माझ्या लॅपटॉपमध्ये टीपीएम आहे. त्याने हे थांबेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, थांबणार नाही. आपल्या कन्येने सांगितले ते बरोबर आहे : दोघांमधला कॉल शक्यतो थेट जोडला जातो, म्हणून समोरच्या फोनला आपला आयपी पत्ता मिळतो, आणि त्यावरून साधारण भाग व इंटरनेट पुरवठादार यांचा अंदाज बांधता येतो. व्हॉट्सॲपने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये यावर सोय दिली. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ॲडव्हान्स्ड, आणि तिथे ‘प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स’ हा पर्याय चालू करावा. मग कॉल कंपनीच्या सर्व्हरवरून जातो; बोलणे पूर्वीप्रमाणेच एन्क्रिप्टेड राहते, आवाजाचा दर्जा किंचित उतरू शकतो. ग्रुप कॉल आधीपासूनच सर्व्हरवरून जातात.

पत्ता लपवणे हे टीपीएमचे कामच नव्हे. पत्ता लपवायचा तर निरोप मधल्या कोणाकडून तरी न्यावा लागतो, आणि तेही प्रोग्राम साथ देत असेल तरच साधते. बिटटोरंट टोरवरून, म्हणजे निरोप अनेक संगणकांतून फिरवून पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कवरून, चालवू नका, असा इशारा टोर प्रकल्पाने २०१० मध्ये दिला, त्याचे एक कारण असे होते की काही बिटटोरंट क्लायंट ट्रॅकरला पाठवलेल्या निरोपाच्या आतच आपला खरा आयपी पत्ता लिहीत असत.

प्रश्न : मी प्रोसेसरच्या चाचणीच्या क्षेत्रात काम करतो. एसजीएक्स किती वेळा फुटले आहे, हे आम्ही पाहत आलो आहोत. मग एन्क्लेव्हच्या भरवशावर पिअर-टू-पिअर नेटवर्कमधली गुपिते ठेवायला सांगणे धोक्याचे नाही का? — एक अभियंता, बंगळुरू

उत्तर : धोक्याचे आहे, आणि नेमका कुठे, हे एका घडलेल्या प्रकरणावरून स्पष्ट होते. सीक्रेट नेटवर्क हे ब्लॉकचेनवर चालणारे पिअर-टू-पिअर नेटवर्क. त्यातले व्यवहार आणि करारांची स्थिती एन्क्रिप्ट केलेली असते आणि ती फक्त एसजीएक्सच्या बंद खोलीत उलगडली जाते. नवा नोड, म्हणजे नेटवर्कमध्ये सामील होणारा संगणक, आपल्या एन्क्लेव्हचे अटेस्टेशन सादर करतो आणि ते पटले की नेटवर्कची मूळ किल्ली त्याच्या बंद खोलीत पाठवली जाते. ही मूळ किल्ली सगळ्या नोडसाठी एकच होती. २०२२ मध्ये विद्यापीठांतील संशोधकांनी बाजारात मिळणारा, दोष असलेला प्रोसेसर घेतला, त्या यंत्राचा रीतसर नोड म्हणून समावेश करून घेतला, आणि त्याच वर्षी जाहीर झालेल्या प्रोसेसरमधील एका दोषाच्या मदतीने ती मूळ किल्ली बाहेर काढता येते हे दाखवून दिले. त्या किल्लीने त्या दिवसापासूनचेच नव्हे, तर साखळीच्या आरंभापासूनचे सगळे खासगी व्यवहार उलगडता आले असते. संशोधकांनी तसे केले नाही आणि नेटवर्कला आधी कळवले. पण त्यांच्या आधी दुसऱ्या कोणी हे गुपचूप केले असते, तर त्याचा मागमूसही राहिला नसता.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली रचनेची. एन्क्लेव्ह फुटणारच असे धरून आखणी करायला हवी होती. म्हणजे एका खोलीचे दार मोडले तर त्या खोलीतलेच जावे, वाड्यातले सगळे नव्हे. किल्ल्या ठरावीक मुदतीने बदलणे, जुन्या नष्ट करणे, एका नोडला नेटवर्कचा थोडाच भाग उलगडता येईल अशी विभागणी करणे, हे सगळे त्या वेळीही माहीत असलेले उपाय होते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे आणि आपल्या क्षेत्राशी निगडित आहे. डेटासेंटरमधले यंत्र कुलूपबंद दालनात असते. पिअर-टू-पिअरमधले यंत्र ज्याच्यापासून गुपित राखायचे त्याच्याच टेबलावर असते. त्याच्याकडे वेळ आहे, स्क्रूड्रायव्हर आहे आणि विचारणारे कोणी नाही. २०१० मध्येच ख्रिस्तोफर टार्नोव्हस्की यांनी इन्फिनिऑन या चिपनिर्मात्या कंपनीची टीपीएममध्ये वापरली जाणारी चिप आम्लाने उघडून, आतल्या तारांवर सूक्ष्म सुया टेकवून तिच्यातली माहिती वाचून दाखवली होती. २०२५ मध्ये संशोधकांनी मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक स्वस्त जोड बसवून एसजीएक्सची अटेस्टेशनची किल्लीच मिळवली. ही किल्ली मिळाली की एन्क्लेव्ह नसतानाही ‘माझ्याकडे एन्क्लेव्ह आहे’ अशी अस्सल दिसणारी सही करता येते. २०१८ च्या फोरशॅडो हल्ल्यातही अशीच किल्ली बाहेर आली होती, आणि तेव्हा एक अवघड पेच समोर आला : इपिडची सही निनावी असल्यामुळे फुटलेली किल्ली वापरणारा माणूस प्रामाणिकांच्या गर्दीत मिसळून जातो. किल्ली जाहीर झाली तर तिला काळ्या यादीत टाकता येते. चोराने ती स्वतःजवळच ठेवली तर ओळखणार कशी? वर पुण्याच्या वाचिकेला मी ज्या निनावीपणाची एवढी भलावण केली, त्याची ही खरी किंमत आहे.

तरीही मी एन्क्लेव्ह टाकून द्या म्हणणार नाही. फक्त त्यांना एकट्याने भार उचलायला लावू नये. कांदेपद्धतीच्या राउटिंगने (एन्क्रिप्शनचे थर एकेका टप्प्यावर उतरवत निरोप नेण्याच्या पद्धतीने) आधीच तीन टप्प्यांत विभागलेला निरोप, आणि त्यातला प्रत्येक टप्पा एन्क्लेव्हमध्ये, अशा रचनेत हल्लेखोराला आता एकाच वेळी अनेक यंत्रे उघडावी लागतात. एन्क्लेव्ह फुटलाच तरी आपण राउटिंगने मूळ दिलेल्या संरक्षणापर्यंतच खाली येतो, उघड्यावर येत नाही.

प्रश्न : ट्रस्टेड कॉम्प्युटिंगची सुरुवातीला फार निंदा झाल्याचे आठवते, संगीत आणि चित्रपट कंपन्यांना ग्राहकाच्या संगणकावर ताबा हवा म्हणून ते आणले, असे म्हणत. तेच तंत्र आता खासगीपणाचे रक्षण करणार? आणि यात कायद्याचा काही आधार आहे का? — एक वकील, नागपूर

उत्तर : आपल्याला आठवते ते बरोबर आहे, आणि त्या टीकेतला मुख्य मुद्दा आजही शिळा झालेला नाही. कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांची या तंत्रासाठीची आघाडी १९९९ मध्ये झाली; २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोजमध्ये हे तंत्र आणण्याची ‘पॅलेडियम’ योजना जाहीर झाली आणि वाद पेटला. केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांचा आक्षेप असा होता, की हे यंत्र मालकाची आज्ञा सोडून दूरच्या कंपनीची आज्ञा पाळू लागेल. पुढचा अनुभव पाहता त्यांची भीती अनाठायी नव्हती. संगणकावर अल्ट्रा एचडी ब्लू-रे पाहण्यासाठी एसजीएक्स सक्तीचे होते. इंटेलने अकराव्या पिढीपासून घरगुती कोअर प्रोसेसरांतून ते काढून टाकले, तेव्हा नवे संगणक घेणाऱ्यांना विकत घेतलेल्या त्या तबकड्या त्यांवर लावता येईनाशा झाल्या. फोन रूट केला (त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा घेतला) म्हणून बँकेचे ॲप चालत नाही, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभवही अटेस्टेशनशीच जोडलेला आहे.

डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या सेथ शोएन यांनी २००३ मध्ये तोडगा सुचवला होता : मालकाने ठरवले तर चिपने मालक सांगेल ती साक्ष द्यावी. ग्राहकाच्या हक्काच्या दृष्टीने तो तर्कशुद्ध आहे. परंतु पिअर-टू-पिअरमधल्या खासगीपणाला तो नेमका मारक ठरतो, कारण आपल्याला भीती आहे तीच मुळी समोरच्या यंत्राच्या मालकाची, आणि त्यालाच चिपकडून खोटे वदवण्याची मुभा मिळाली तर साक्षीला काही मोल राहत नाही. इथे दोन न्याय्य हक्क समोरासमोर येतात आणि त्यांतला एकही मला सोडवत नाही. म्हणून मी रेघ अशी ओढतो : साक्ष मागावी ती मालकाने स्वखुशीने चालवलेल्या एका छोट्या प्रोग्रामपुरती, ज्याचा सोर्स कोड खुला आहे आणि तो स्वतः बांधून पाहिला तर तोच ठसा येतो. तो प्रोग्राम बंद करण्याचा अधिकार कोणत्याही क्षणी मालकाकडे असावा. संपूर्ण संगणकाची साक्ष मात्र कोणत्याही नेटवर्कने मागू नये.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा पडतो. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे आपण जाणताच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र माहिती हाताळणाऱ्यावर जबाबदाऱ्या टाकतो आणि व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती हेतूने केलेल्या वापराला वगळतो. पिअर-टू-पिअरमध्ये आपली माहिती हाताळणारे बहुतेक जण अशाच खासगी व्यक्ती असतात, त्यांतले कित्येक परदेशांत असतात, आणि कोणाकडे बोट दाखवायचे हेच ठाऊक नसते. तंत्राचा आग्रह मी धरतो तो एवढ्यासाठीच.

प्रश्न : माझ्या संगणकात टीपीएम आहे की नाही, हे कसे पाहू? असल्यास खासगीपणासाठी ती बंद करावी का? — एक निवृत्त शिक्षिका, पणजी

उत्तर : विंडोजचे बटण आणि आर ही अक्षरकळ एकदम दाबा. येणाऱ्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी असे इंग्रजी अक्षरांत, मधे टिंब देऊन लिहा आणि एंटर दाबा. चिप असेल तर तिची स्थिती आणि खाली उत्पादकाच्या माहितीबरोबर आवृत्ती दिसेल. विंडोज ११ साठी २.० ही आवृत्ती लागते. चिप बंद करू नये. ती आपणहून कोणाशी बोलत नाही, प्रोग्रामने विचारले तरच उत्तर देते. शिवाय विंडोजने आपली डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिची किल्ली बहुधा याच चिपमध्ये बंद केलेली असते, आणि चिप बंद केली वा पुसली तर रिकव्हरी कीचे ४८ अंक मागितले जातील. ते अंक आजच कागदावर उतरवून ठेवावेत.

आज प्रचारात असलेले बिटटोरंट क्लायंट टीपीएमचा वापर करत नाहीत. वर सांगितलेले बरेचसे अजून संशोधनाच्या आणि थोड्याफार प्रयोगांच्या पातळीवर आहे. विंडोज मात्र स्वतःच्या अपडेटसाठी पिअर-टू-पिअर पद्धत वापरू शकते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तिथे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन उघडून पाहावे. ‘इंटरनेटवरील उपकरणे’ असा अर्थ असलेला पर्याय निवडलेला असेल, तर तो ‘माझ्या स्थानिक नेटवर्कवरील उपकरणे’ यावर आणावा. म्हणजे घरातले संगणक एकमेकांना अपडेट देत राहतील आणि बाहेरच्या अनोळखी यंत्रांशी होणारी देवाणघेवाण थांबेल.